कुंडीतलं लोखंड आणि कूलरचं पाणी

मे महिन्यात शेजारच्या काकूंच्या गच्चीवर लिंबाच्या कुंडीत एक गंजलेला खिळा रोवलेला दिसला. मी विचारायच्या आधीच काकू म्हणाल्या, "मास्तर, पानं पिवळी पडू लागली ना! लोखंड कमी पडलंय म्हणे. मोबाइलवर दाखवलं, खिळा रोवा म्हणून."

निदान बरोबर होतं, गंमत त्यातच आहे. झाडाला खरोखरच लोह मिळत नव्हतं. पण लातूरच्या मातीत लोह कमी आहे असं म्हणणं म्हणजे समुद्रात मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेला आपला बेसाल्ट खडक आठ-दहा टक्के लोहाचाच असतो, आणि आपली काळी माती त्याच खडकाची. मग कुंडीभर लोखंड असून झाड उपाशी का?

हसायचा अधिकार मला नाही. गच्चीवर पहिल्यांदा मिरच्या लावल्या तेव्हा माझं शास्त्र एका ओळीचं होतं: पान पिवळं म्हणजे खत कमी. दर आठवड्याला १९:१९:१९ या नत्र-स्फुरद-पालाश खताचा एक चमचा तांब्याभर पाण्यात घालून ओतत होतो. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. शाळेत मिठाच्या पाण्यात बटाट्याची फोड मऊ पडते तो प्रयोग मी स्वतः मुलांना शिकवलेला, आणि घरी मुळांवर तोच करत होतो. मातीतलं पाणी मुळातल्या रसापेक्षा खारट झालं की मूळ पाणी ओढायचं सोडून उलट गमावू लागतं. कुंडीला शेतासारखी खोली नसते, जादा खत मुळांपाशीच साठत जातं. आता मी तेच खत लिटरला एक ग्रॅम, तेही पंधरा दिवसांतून एकदा देतो आणि मिरची दुप्पट लागते.

अनुभवानं शिकवलेली दुसरी गोष्ट: पान पिवळं आहे एवढं बघून भागत नाही, कोणतं पान पिवळं आहे ते बघावं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला पाठवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही. त्यामुळे लोहाची टंचाई शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते: पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या. जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांत आणि भुईमुगाच्या रानात हे चित्र नवं नाही. उसावर असं पिवळं पडलं की शेतकरी म्हणतात, केवडा पडला.

(हरितद्रव्याच्या मध्यभागी लोह नसतं, मॅग्नेशियम असतं. पण ते हरितद्रव्य घडवायला लोह लागतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जवळपास तशाच कड्याच्या मधोमध लोह बसलेलं असतं. ही जोडी मला अजूनही चकित करते.)

आता मातीतलं लोह कुलपात का अडकतं, त्याकडे येऊ. लोहाची मातीतली नेहमीची अवस्था म्हणजे फेरिक, सोप्या भाषेत गंज. गंज पाण्यात विरघळत नाही, आणि झाडाला दात नाहीत, जे विरघळेल तेच त्याला पिता येतं. मातीचा सामू (पीएच, तो जितका जास्त तितका आंबटपणा कमी) एकाने वाढला की पाण्यातले मुक्त फेरिक आयन हजारपटीनं घटतात. सामू ५ च्या आंबट मातीतून ८ च्या आपल्या चुनखडीच्या मातीत यायचं म्हणजे तीन पायऱ्या, हजार गुणिले हजार गुणिले हजार. म्हणजे एक अब्जांश! तिजोरी भरलेली आणि खिशात दमडी नाही.

झाडानं यावर काढलेली युक्ती हा माझा सगळ्यात आवडता विषय, म्हणून इथे जरा रेंगाळतो. लिंबू, मिरची, भुईमूग, सोयाबीन या द्विदल मंडळींची पद्धत तीन टप्प्यांची. लोह कमी पडल्याची खबर लागताच मुळाच्या पेशी बाहेर हायड्रोजन आयन सोडतात, म्हणजे मुळाभोवतीची केसाएवढी माती आंबट करतात. थोडा गंज सुटतो. मग मुळाच्या आवरणावरचं एक विकर (एन्झाइम) त्या फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस बनवतं. फेरस विरघळायला सोपं. आणि तिसरं, आवरणातलंच एक दारवान प्रथिन फेरसला आत घेतं. या दारवानाचा जनुक १९९६ साली आणि त्या विकराचा १९९९ साली अॅराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या चुलतबहिणीत सापडला.

ज्वारी, मका, ऊस, गहू हे गवताच्या कुळातले, त्यांचा खाक्या निराळा. ते मुळातून लोहाला चिमट्यासारखे धरणारे रेणू बाहेर सोडतात आणि लोह धरलेला चिमटा सगळाच्या सगळा आत ओढून घेतात. जपानमध्ये ताकागी यांनी १९७० च्या दशकात ओट आणि भाताच्या मुळांवर हे दाखवलं. पुढे चीनमध्ये असं दिसलं की मक्याच्या ओळींमध्ये लावलेला भुईमूग चुनखडीच्या जमिनीतही हिरवा राहतो. शेजाऱ्याच्या चिमट्याचा त्यालाही लाभ होतो.

मग काकूंच्या लिंबाची युक्ती फसली कुठे? पहिल्याच टप्प्यावर. मूळ मोठ्या कष्टानं आम्ल सोडतं आणि पाण्यातला बायकार्बोनेट नावाचा क्षार ते तिथल्या तिथे गिळून टाकतो. हायड्रोजन आयन अधिक बायकार्बोनेट, उरतं काय तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. लिंबाचा रस चुनखडीच्या खड्यावर पिळा, बुडबुडे येतात, ते हेच. हा बायकार्बोनेट येतो बोअरच्या पाण्यातून, ज्यानं बादलीला आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर चढतो. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे "झाडांना बोअरचं पाणी घालू नका" म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही.

पण एक गोष्ट टाळता येते. मी काकूंना विचारलं, उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी कोणतं घालता? "कूलरचं उरलेलं की! वाया कशाला घालवायचं?" आमच्याकडे मीही तेच करत होतो. कूलर काय करतो? पाणी उडवतो, क्षार मागे ठेवतो. रात्रभर चालल्यावर टाकीतलं बोअरचं पाणी आणखी खारट झालेलं असतं. काटकसरीच्या नावाखाली आपण झाडाला क्षारांचा अर्क पाजत होतो. उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतातच. ते मात्र कुंडीला चालतं.

आणि खिळा? खिळ्यावरचा गंज म्हणजे तेच फेरिक लोह, जे कुंडीत आधीच ढिगानं आहे. कुलूप लागलेल्या तिजोरीत आणखी एक नाणं टाकल्यासारखं. तरी खिळा बिचारा निरुपद्रवी. त्याच गच्चीवरची तुळस सुकली तेव्हा काकूंच्या सासूबाईंनी सुनेनं "त्या दिवसांत" हात लावला म्हणून बोल लावला होता. मे महिन्यात ४२ अंशांत तापलेल्या सिमेंटच्या कुंडीत तुळस सुकायला कुणाचा हात लागायची गरज नाही. आणि विटाळानं झाड मरत असतं तर खुरपणी करणाऱ्या बायांच्या जिवावर उभी असलेली मराठवाड्याची शेती केव्हाच संपली असती.

उपाय फार साधे आहेत. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत दोन मुठी, त्यातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. नत्र द्यायचंच तर चिमूटभर अमोनियम सल्फेट, कारण मूळ अमोनियम घेतं तेव्हा बदल्यात हायड्रोजन आयन सोडतं. नायट्रेटचं नेमकं उलटं. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकली तर आपल्याकडे काही दिवसांत तिचा गंज होतो. म्हणून लिटरला पाच ग्रॅमपेक्षा कमी घेऊन संध्याकाळी पानांवर फवारावी. ही युक्ती फ्रान्समध्ये १८४० च्या दशकातच सापडली होती. चिलेटेड लोह, म्हणजे चिमट्यासारख्या रेणूत धरलेलं लोह, घेताना पुडीवर चिमट्याचं नाव बघा: ईडीटीएवालं आपल्या सामूला टिकत नाही, लालसर रंगाचं ईडीडीएचएवालं टिकतं. महाग आहे, पण कुंडीला चिमूटभरच लागतं.

काकूंनी कूलरचं पाणी थांबवलं, शेणखत घातलं, हिराकस दोनदा फवारली. जूनमध्ये पाऊस आला, पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट नसल्यासारखाच, त्यानं कुंडी धुऊन काढली. पिवळी पानं पिवळीच राहिली, ती परत हिरवी झाली नाहीत, पण जुलैत शेंड्याला नवी पानं आली ती गर्द हिरवी. काकूंनी मला मुद्दाम बोलावून दाखवली आणि म्हणाल्या, "बघा मास्तर, खिळ्यानं काम केलं का नाही!"

खिळा अजून कुंडीत आहे.