सूनियन: देऊळ एकाचे, नाव दुसऱ्याचे

अथेन्सहून बस किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला सुमारे 70 किलोमीटर जाते आणि शेवटी समुद्रात घुसलेल्या एका उंच टोकावर पांढरे खांब दिसू लागतात. हे सूनियन, समुद्रदेव पोसायडनचे देऊळ. बहुतेक प्रवासी सूर्यास्त गाठायला येतात आणि काळोख पडायच्या आत परततात. खांबांवर कोरलेल्या नावांकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते.

त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव इंग्रज कवी बायरनचे. प्रवेशाच्या बाजूला असलेल्या एका चौकोनी खांबावर ते मोठ्या अक्षरांत आहे. बायरन इथे 1810 च्या जानेवारीत आला तेव्हा बावीस वर्षांचा होता, पुढे त्याच वर्षी पुन्हाही आला. अक्षरे त्याने स्वतः कोरली की एखाद्या चाहत्याने, याला पुरावा नाही. गंमत वेगळीच आहे. हे देऊळ मिनर्व्हा देवीचे, म्हणजे ग्रीकांच्या अथीनाचे, अशी बायरनची समजूत होती आणि तसे त्याने लिहूनही ठेवले आहे. त्या काळात इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच मानत होता. स्वतःचे नाव दगडावर खोदून ठेवणाऱ्या या मंडळींना देवाचे नावच चुकीचे ठाऊक होते!

चूक जुनी होती, सतराशे वर्षांची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाच्या प्रवाशाने ग्रीसचे वर्णन लिहिले आणि त्याची सुरुवातच सूनियनपासून केली. टोकाच्या माथ्यावर अथीनाचे देऊळ आहे, असे त्याने लिहिले. बहुधा त्याने ते जहाजातूनच पाहिले असावे. अथीनाचे देऊळ खरोखरच होते, पण सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, खालच्या टेकडीवर. रोमन काळात त्याचे खांब उचलून अथेन्सच्या आगोरात, म्हणजे बाजारचौकात, नेऊन बसवले गेले. आता तिथे जोत्याशिवाय फारसे काही नाही. एक देऊळ हलले आणि त्याचे नाव शेजारच्या देवळाला चिकटले.

मुळात हे ठिकाण दर्यावर्दींचे. होमरच्या ‘ओडिसी’त मेनेलाउस राजाचे सुकाणू धरणारा फ्रॉन्टिस इथेच मरण पावतो, आणि होमर या टोकाला ‘पवित्र’ म्हणतो. इजियन समुद्रातून अथेन्सकडे येणाऱ्याला ॲटिकाची, म्हणजे अथेन्सभोवतीच्या प्रदेशाची, पहिली खूण इथे दिसे. दर चार वर्षांनी इथे उत्सव भरे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की अशाच एका उत्सवाच्या वेळी एजिना बेटाच्या लोकांनी दबा धरून अथेन्सचे पवित्र जहाज, त्यावरच्या प्रतिष्ठितांसकट पळवले.

इ.स.पू. 480 मध्ये इराणी सैन्याने इथले अर्धवट बांधलेले देऊळ उद्ध्वस्त केले. त्याच वर्षी सलामिसच्या आरमारी लढाईत ग्रीक जिंकले आणि त्यांनी शत्रूकडून हिसकावलेले एक फिनिशियन लढाऊ जहाज आणून सूनियनला देवाला वाहिले. सोन्यारुप्याऐवजी अख्खे जहाज! ही लढाई जिंकणारे आरमार उभे राहिले होते ते सूनियनच्या मागेच असलेल्या लॉरियनच्या चांदीवर. त्या खाणींत गुलाम राबत. पुढे इ.स.पू. 100 च्या आसपास याच गुलामांनी बंड करून सूनियनचा किल्ला ताब्यात घेतला. सूर्यास्ताच्या फोटोत हा भाग येत नाही.

आज दिसणारे देऊळ इ.स.पू. 440 च्या सुमाराचे, जुन्याच पायावर उभारलेले. मूळचे खांब 34, प्रत्येकी सुमारे सहा मीटर उंच. संगमरवर जवळच्याच आग्रिलेझा खोऱ्यातला. त्यात लोहाचा अंश कमी, म्हणून अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाचा दगड मधासारखा पिवळसर झाला तरी हा पांढराच राहिला. खांबावरून हात फिरवता आला असता (आता दोर बांधलेला आहे) तर आणखी एक गोष्ट कळली असती. डोरिक या साध्या ग्रीक शैलीच्या खांबावर उभ्या पन्हळी सहसा वीस असतात, इथे सोळाच आहेत. खारे वारे पन्हळींमधल्या धारदार कडा लवकर खातात, म्हणून त्या मुद्दाम कमी ठेवल्या, असे सांगतात. मला हे पटते. कोकणातल्या किनाऱ्यावरची घरे पाहिलेल्या कुणालाही पटेल.

नंतर देऊळ ओसाड पडले. नाविकांच्या लेखी ते फक्त ‘कापो कोलोन’, खांबांचे टोक, उरले. परदेशी प्रवाशांची रीघ लागली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. पुढे नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्रजांना इटली बंद झाली आणि श्रीमंत तरुण उस्मानी अमलाखालच्या ग्रीसकडे वळले. प्रवास सोपा नव्हता. बायरनच्या दुसऱ्या फेरीत कड्याखालच्या गुहांत चाचे लपले होते. त्याच्या सोबतचे दोन अल्बेनियन रक्षक पाहून ते बाहेर आले नाहीत, हे त्याला मागाहून कळले.

काहींनी नावे कोरून ठेवली, काहींनी दगड नेले. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थच्या बागेत सूनियनच्या खांबाचे तुकडे एकावर एक रचून त्यांवर एका ड्यूकचा अर्धपुतळा बसवला आहे. ही खोड ग्रीसपुरती नव्हती. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 च्या एप्रिलमध्ये थेट चित्र असलेल्या खांबावर नाव आणि तारीख खरवडली, बायरन सूनियनला आला त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी.

देवाचे नाव परत मिळाले ते फावड्यामुळे. 1897 पासून वालेरिओस स्टाइस या पुरातत्त्वज्ञाने इथे खोदकाम केले. त्यात सापडलेल्या शिलालेखाने हे स्थान पोसायडनचे असल्याचे पक्के केले. 1906 मध्ये देवळाजवळच्या खड्ड्यातून तरुणाचा एक प्रचंड संगमरवरी पुतळा निघाला, तीन मीटरहून उंच, इ.स.पू. 600 च्या सुमाराचा. तो पाहायचा तर अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जावे लागते. बायरनचे नाव मात्र जागेवरच आहे, पण दोराच्या आड. कॅमेऱ्याला झूम असेल तर वाचता येते.