भारूड

भारूड हा मराठी संतसाहित्यातील रूपकप्रधान, नाट्यमय पद्यप्रकार. ते वाचता येते, गाता येते आणि सोंग घेऊन करूनही दाखवता येते. त्यामुळे त्याला नुसत्या काव्याच्या किंवा नुसत्या लोकनाट्याच्या खात्यात टाकणे अपुरे ठरते. एकनाथांआधीही भारुडे आढळतात, पण या प्रकाराला आजचे रूप दिले ते पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९). त्यांची सुमारे ३०० भारुडे असून विषय सव्वाशेच्या घरात आहेत.

भजनी, सोंगी आणि कूट असे भारुडाचे तीन पोटप्रकार मानतात. भजनी भारूड टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणतात. कूट भारुडात उघडउघड अशक्य गोष्टी सांगितलेल्या असतात. निरूपणाशिवाय त्याचा उलगडा होत नाही. सर्वांत लोकप्रिय सोंगी भारूड. वासुदेव, जोशी, गोंधळी, गारुडी असे गावाच्या ओळखीचे लोक त्यात बोलतात. वासुदेवाला मोरपिसांची टोपी आणि चिपळ्या, गोंधळ्याला संबळ आणि कवड्यांची माळ. एवढ्यावर सोंग उभे राहते.

ध्रुपद म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, मग कडवी आणि शेवटी ‘एका जनार्दनी’ ही एकनाथांची नाममुद्रा अशी नाथांच्या भारुडाची साधारण बांधणी असते. मुख्य गायक कडवे म्हणतो, साथीदार ध्रुपद उचलतात आणि मधल्या जागेत गद्य निरूपण चालते. विंचवाच्या भारुडात काम-क्रोध हा विंचू आहे. तमोगुण मागे सारणे हा उतारा, सत्त्वगुण हा अंगारा. तरीही थोडी फुणफुण उरते आणि ती जनार्दन, म्हणजे गुरू, शांत करतो. रूपक असे पायरीपायरीने चढत जाते. मधले कडवे गाळले की उतारा लागू पडण्याआधीच विष उतरते.

सादरीकरण फसते ते बहुधा शेवटाकडे. रोडग्याच्या भारुडात सून भवानीआईला सासरा, सासू, जाऊ, अगदी दादलाही दूर करायला सांगते. या कडव्यांना हशा हमखास मिळतो. मात्र ‘एकटीच राहू दे मला’ ही अखेरची मागणी घाईत उरकली, तर पाश सुटलेल्या जिवाचे मागणे मागे पडून सासू-सुनेचे भांडण तेवढे ध्यानात राहते. हशा ओसरू देऊन, लय उतरवून ही ओळ म्हणावी.

नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर निजामशाहीच्या चाकरीत होते. त्या दफ्तरी वातावरणाची छाप ‘अर्जदस्त’ (लेखी विनंतीअर्ज), ‘ताकीदपत्र’ या पत्ररूपी भारुडांवर दिसते. अर्जदस्तात जिवाजी हा शेकदार, बुधाजी हा कारकून आणि परगण्याचे नाव शरीराबाद. शेकदार म्हणजे महसुलाचा अधिकारी, हे आज गाण्याआधीच सांगावे लागते. नाहीतर जिवाकडे शरीराचा कारभार कसा सोपवला आहे, हे श्रोत्याला कळत नाही.