समुद्र ओलांडायला निघालेला ससाणा

नोव्हेंबर सरत आला की लोणावळ्याच्या पठारांवर पक्षीनिरीक्षकांची वर्दळ वाढते. बहुतेकांना पाहायचा असतो अमूर ससाणा. कबुतरापेक्षा लहान, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. आग्नेय सैबेरिया आणि ईशान्य चीनमध्ये पिल्लं वाढवून हा पक्षी हिवाळ्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो, आणि मधे अरबी समुद्र पार करतो. जवळजवळ ३,००० किलोमीटर, तेही न थांबता!

बहुतेक मोठे शिकारी पक्षी असा समुद्र टाळतात. जमीन तापली की वर चढणाऱ्या हवेवर ते पंख न हलवता तरंगतात. पाण्यावर ही सोय नसते. अमूर ससाणा मात्र पंख मारत जातो, आणि या दिवसांत ईशान्येकडून वाहणारा वारा त्याला मागून ढकलतो.

त्यासाठी लागणारी चरबी तो नागालँडमध्ये साठवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोयांग जलाशयाभोवती हे पक्षी लाखांनी उतरतात आणि पंख फुटून बाहेर पडणाऱ्या वाळवीवर ताव मारतात. २०१२ साली तिथे जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल झाली होती. पुढच्याच हंगामात पांगती आणि आसपासच्या गावांनी ती थांबवली. शिकारीतून होणाऱ्या कमाईवर त्यांनी पाणी सोडलं, हे मला फार मोठं वाटतं. त्याच नोव्हेंबरात उपग्रह-ट्रान्समीटर लावलेल्या तीन पक्ष्यांची नावं ठेवली गेली नागा, वोखा आणि पांगती.

आपल्याकडे हा पाहुणा थोडेच दिवस असतो, म्हणून ओळख पक्की हवी. नर गडद राखाडी, मांड्या विटकरी, पाय नारिंगी. उडताना पंखांखालचा पुढचा भाग पांढराशुभ्र दिसतो. केस्ट्रल या दुसऱ्या छोट्या ससाण्याची पाठ तांबूस असते, तिथे गल्लत होत नाही. मादीच्या फिकट पोटावर काळ्या खुणा असतात. तो हवेतच किडा पंजात पकडतो, पाय चोचीपाशी आणतो आणि उडता उडताच खातो. दुर्बिणीतून किड्याचे गळणारे पंखही दिसतात.

याच सुमारास चतुरांचे थवेही भारतातून समुद्रापार आफ्रिकेकडे जातात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. वाटेत ससाण्यांना या चतुरांचंच खाणं मिळत असावं, असाही अंदाज आहे. त्यामुळे पठारावर पोचल्यावर मी आधी चतुर कुठे घोंघावताहेत ते बघतो, आणि मग दुर्बीण त्यांच्या वरच्या आकाशाकडे वळवतो.