जिवंत प्रवाळमाशांचा व्यापार

प्रवाळ खडकांत राहणारे मासे पकडून ते खवय्यापर्यंत जिवंत पोचवण्याचा धंदा. हॉटेलच्या टाकीत मासा फिरत असतो, गिऱ्हाइकाने बोट दाखवले की मगच तो कापला जातो. मुख्य पेठ हाँगकाँग व दक्षिण चीन. माल इंडोनेशिया, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलियाकडून येतो.

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात ताजेपणा पाहतात तो कल्ला उचलून. लाल असला तर भाव विचारायचा, तपकिरी पडला असला तर पुढच्या पाटीकडे. कोकणातला मासा घाट चढतो तो बर्फातून. जिवंत मिळतात ते खेकडे आणि मरळ. मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून घमेल्यातल्या चार बोटे पाण्यातही तग धरते. हेकरूला, म्हणजे या धंद्यातल्या मुख्य प्रवाळमाशाला (इंग्रजीत ग्रूपर), ते जमत नाही. त्याला सतत हवा सोडलेले खारे पाणी लागते, आणि वाटेत मेला की भाव कोसळतो. थोडक्यात, पैसे चवीपेक्षा हलत्या कल्ल्याचे.

सर्वाधिक मागणी हेकरूच्या जातींना, त्यातही लाल अंगावर निळे ठिपके असलेल्याला. चिनी लग्नात लाल रंग शुभ. एका ताटात मावणारा, अर्धा ते एक किलोचा मासा पसंत करतात. मोठ्या वाढणाऱ्या जातींत या वजनाचा मासा पिल्लूच असतो. बरेच हेकरू आधी मादी असतात, वय वाढल्यावर त्यांतले काही नर होतात; म्हणजे थोराड मासे उचलले तर नरांचा तुटवडा आणि लहान उचलले तर विणीआधीच वंश खुंटतो. विणीसाठी अनेक जाती अमावास्या-पुनवेच्या सुमारास ठरावीक जागी गोळा होतात. ती जागा एकदा मच्छीमारांना कळली की काही हंगामांत ओस पडते.

पकडण्याची सर्वांत वाईट रीत सायनाइडची. पाणबुड्या प्लास्टिकच्या बाटलीतून विरघळवलेले सायनाइड कपारीत पिचकारतो, मासा गुंगतो, तो काढायला प्रवाळ फोडतात. उरलेला प्रवाळही विषाने मरतो. फिलिपिन्स व इंडोनेशियात यावर बंदी आहे, तरी प्रकार थांबलेला नाही. कपाळावर टेंगूळ असलेला नेपोलियन मासा २००४ मध्ये साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. त्याच्या निर्यातीला तेव्हापासून परवाना लागतो. भारतात महाकाय हेकरू २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे.

मत्स्यशेतीचा उपाय सांगितला जातो, पण पिंजऱ्यातले बरेच 'शेतीचे' हेकरू समुद्रातून धरलेली पिल्लेच असतात, आणि त्यांना पोसायला पुन्हा बारीक मासळीच घालावी लागते. अंड्यापासून पैदास हॅचरीत होते ती काही जातींचीच.