सिग्नल्स अँड सिस्टिम्स: समुद्रतळाच्या तारेतून आलेला विषय

एखाद्या यंत्रणेत शिरलेला संकेत बाहेर पडताना कसा बदलतो, हे शिकवणारा हा अभियांत्रिकीचा विषय. त्याच्या पुस्तकात आधी स्टेप (एकदम चढून तिथेच राहणारा संकेत) आणि इम्पल्स (क्षणभराचा ठोका) भेटतात, मग कॉन्व्होल्यूशन, मग फूरिए आणि लाप्लास यांच्या नावाच्या गणिती पद्धती. क्रम इतका नेटका, की कुणीतरी एका बैठकीत रचलाय असं वाटावं. घडलं मात्र भलत्याच क्रमाने, आणि सुरुवात विजेपासून नव्हे, उष्णतेपासून झाली. घन पदार्थात उष्णता कशी पसरते हे शोधताना जोसेफ फूरिए यांनी १८०७ मध्ये पॅरिसला एक निबंध सादर केला. कोणतंही फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडता येतं, हा त्यातला दावा. परीक्षकांत लाग्रांज आणि लाप्लास हे गणितज्ञ होते. लाग्रांज यांना दावा पटला नाही. ग्रंथ निघायला १८२२ उजाडलं.

वीज आली ती तारायंत्रामुळे. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी केबल पडली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले! तांब्याची तार, भोवती गटापर्चाचं, म्हणजे रबरासारख्या झाडाच्या चिकाचं, आवरण, बाहेर खारं पाणी. म्हणजे एक लांबच लांब कपॅसिटरच, विद्युतभार साठवून ठेवणारा. इकडे तारायंत्राची कळ दाबली की चौकोनी ठोका निघतो. तिकडे प्रवाह सावकाश चढतो आणि त्याहून सावकाश उतरतो. पहिल्या ठोक्याचं शेपूट ओसरण्याआधी दुसरा त्यावर येऊन चढतो. शेपटांची ही बेरीज म्हणजेच कॉन्व्होल्यूशन. पुस्तकातली आलेख उलटवून सरकवण्याची कसरत नंतर करावी. शिकवायला सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हे आधीच ताडलं होतं. फूरिएंचं उष्णतेचं समीकरण तारेतल्या व्होल्टेजलाही लागू होतं, म्हणून लांबी दुप्पट तर विलंब चौपट. केबलचे इलेक्ट्रिशियन व्हाइटहाउस यांना ते मान्य नव्हतं. त्यांनी सुमारे २,००० व्होल्टचा मारा केला आणि आधीच अधू असलेली केबल काही आठवड्यांत मुकी झाली.

पुढचा माणूस ऑलिव्हर हेविसाइड. तारायंत्रावरची नोकरी १८७४ मध्ये सोडून घरी बसलेला, स्वतःच शिकलेला. तारेत इंडक्टन्सही (प्रवाहातल्या बदलाला विरोध करणारा गुण) धरायला हवा, आणि योग्य प्रमाणात असेल तर ठोक्याचा आकार बिघडत नाही, हे त्याने दाखवलं. स्टेप फंक्शन त्याचंच. डेरिव्हेटिव्हच्या (बदलाच्या दराच्या) जागी सरळ एक अक्षर लिहून तो समीकरणं बीजगणितासारखी सोडवायचा. सिद्धता कुठे, असं गणितज्ञ विचारत. पचन कसं होतं ते पूर्ण कळत नाही म्हणून जेवायचंच नाही का, हा त्याचा सवाल.

सिद्धता विसाव्या शतकात इतरांनी जुळवली. नंतरचं भराभर घडलं: नायक्विस्ट, शॅनन यांचं सॅम्पलिंग (संकेताचे ठराविक अंतराने नमुने घेणं), १९५२ मध्ये रागाझ्झिनी आणि झादे यांचा अशा नमुन्यांसाठीचा झेड-ट्रान्सफॉर्म, १९६५ मध्ये कूली-ट्यूकी यांचा एफएफटी, म्हणजे फूरिएंचं गणित संगणकावर झटपट करण्याची रीत.

हेविसाइडच्या त्या युक्तीची जागा वर्गात आज लाप्लास ट्रान्सफॉर्मने घेतली आहे. लाप्लास म्हणजे फूरिएंच्या निबंधाच्या परीक्षकांपैकी एक.