औषधी रोपण (त्वचेखालील)

त्वचेखाली बसवलेल्या गोळीतून, नळीतून किंवा कांडीतून कित्येक महिने, काही वेळा वर्षानुवर्षे, अल्प मात्रेत औषध सोडत राहण्याची योजना. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘इम्प्लांट’ हाच शब्द रूढ आहे.

उगमाविषयी दोन मते आहेत. डीन्झली व पार्क्स यांनी १९३७ च्या सुमारास संप्रेरकांच्या (हॉर्मोनच्या) दाबून केलेल्या गोळ्या प्राण्यांच्या त्वचेखाली ठेवल्या. काही लेखक आरंभ तेथे मानतात. मात्र अशी गोळी पृष्ठभागावरून विरघळते. ती झिजत गेली की पृष्ठभाग घटतो आणि त्याबरोबर औषधाचा ओघही. १९६४ मध्ये फोकमन व लाँग यांनी सिलिकोन रबराच्या भिंतीतून औषध हळूहळू झिरपते असे दाखवले. औषध सोडण्याला ‘नियंत्रित’ हे विशेषण खऱ्या अर्थाने येथूनच लागू पडते, म्हणून इतर लेखक आरंभ येथे मानतात. याच धाग्यावर सेगल व क्रोक्साटो यांनी पॉप्युलेशन कौन्सिल या संशोधन संस्थेत गर्भनिरोधक नॉरप्लांट विकसित केले. त्याला पहिली मान्यता फिनलंडमध्ये, १९८३ साली मिळाली.

नॉरप्लांटमध्ये ३४ मिमी लांबीच्या ६ नळ्या असून प्रत्येकीत ३६ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असे. आत घनरूप औषध शिल्लक असेपर्यंत भिंतीच्या आतल्या बाजूची संपृक्तता (औषध विरघळण्याची कमाल पातळी) टिकते, म्हणून ओघ जवळजवळ स्थिर राहावा. प्रत्यक्षात तो आरंभी दिवसाला सुमारे ८५ मायक्रोग्रॅम, नऊ महिन्यांनी ५०, दीड वर्षाने ३५ आणि पुढे ३० च्या आसपास येई. साठवणीतच भिंतीत मुरलेले औषध पहिल्या दिवसांत भरभर बाहेर पडते, हे आरंभीच्या मोठ्या मात्रेचे एक कारण.

विरघळणाऱ्या बहुवारिकाची (पॉलिमरची) रोपणे काढावी लागत नाहीत. प्रोस्टेट कर्करोगातील गोसेरेलिन या औषधाची ३.६ मिग्रॅची कांडी पोटाच्या त्वचेखाली दर २८ दिवसांनी टोचतात.

सध्याच्या एक-कांडी गर्भनिरोधकात ६८ मिग्रॅ इटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक असते. लांबी ४ सेंमी, जाडी २ मिमी, म्हणजे आगकाडीएवढी. कमी वापराच्या हाताच्या दंडाची आतली बाजू निवडतात: कोपराच्या आतल्या हाडापासून ८ ते १० सेंमी वर, आणि दंडाच्या पुढच्या व मागच्या स्नायूंमधील खाचेच्या ३ ते ५ सेंमी मागे. या खाचेतच मोठ्या रक्तवाहिन्या व चेता (नसा) असतात. ती टाळण्यासाठी हे माप काटेकोर पाळावे लागते. जागा बधिर करून सुईच्या टोकाने त्वचा तंबूसारखी वर उचलत सुई आडवी सरकवतात. नंतर कांडीची दोन्ही टोके डॉक्टरने आणि स्त्रीने बोटांनी चाचपलीच पाहिजेत.

काढण्यातल्या बहुतेक अडचणी बसवतानाच तयार होतात. सुई तिरकी गेली तर कांडी स्नायूत रुतते. उथळ कांडी टोकाजवळ २ मिमीचा छेद घेऊन, दुसरे टोक दाबताच बाहेर डोकावते. भोवती तंतुमय आवरण धरले असेल तर ते आधी चिरावे लागते. हाताला न लागणारी कांडी अंदाजाने कधीही शोधू नये. आधी सोनोग्राफी करावी. बेरियम मिसळलेली कांडी क्ष-किरण चित्रातही दिसते. क्वचित ती रक्तवाहिनीतून फुप्फुसाच्या धमनीत पोचल्याच्या नोंदी आहेत.

मुदतीआधी काढून घेण्याचे मुख्य कारण अनियमित रक्तस्राव. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन किंवा अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) फेनिटॉइन, कार्बामाझेपीन चालू असल्यास यकृत संप्रेरक लवकर मोडते व संरक्षण उणावते. भारतात ही चौकशी बसवण्यापूर्वी झालीच पाहिजे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नॉरप्लांटच्या चाचण्या घेतल्या होत्या. माहितीपूर्ण संमती आणि नंतरची देखरेख यांवर महिला संघटनांनी तेव्हा आक्षेप घेतले.