रुग्णवृत्त सादरीकरण

रुग्णवृत्त सादरीकरण : एखाद्या रुग्णाची हकिकत, तपासणी व चाचण्या ठरावीक क्रमाने सहकाऱ्यांपुढे मांडून निदान आणि उपचारांबाबत त्यांचे मत घेण्याची वैद्यकातील रीत. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘केस प्रेझेंट करणे’. वॉर्डातील राउंडपासून कर्करोगतज्ज्ञांच्या ट्यूमर बोर्डापर्यंत (रुग्णांवर एकत्र चर्चा करणाऱ्या बैठकीपर्यंत) ती सर्वत्र चालते.

वय, मुख्य तक्रार व ती किती दिवसांची, चालू आजाराची हकिकत, पूर्वीचे आजार, औषधे, ॲलर्जी, कुटुंबातील आजार, मग तपासणी व चाचण्या आणि शेवटी स्वतःचा अंदाज, असा सर्वसाधारण क्रम असतो. यातली मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत सांगायची असते. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. ‘चक्कर येते’ हे साधे वाक्य घ्या. कुणाला खोली गरगर फिरल्यासारखी वाटते, कुणाच्या डोळ्यांपुढे उठताक्षणी अंधारी येते, तर कुणाचा फक्त चालताना तोल जातो. सांगणाऱ्याने याचे परस्पर ‘व्हर्टिगो’ (गरगरण्याची चक्कर, जी बहुतेकदा कानाच्या आजाराने येते) करून टाकले की ऐकणारे सगळे कानाच्या आजारांकडे वळतात. रक्तदाबाच्या गोळीचा डोस आठवड्यापूर्वीच वाढवला होता, हे मग कुणी विचारतही नाही.

जे आढळले नाही तेही सांगावे लागते. तापासोबत डोकेदुखी असेल, तर ‘मान ताठ नाही, शुद्ध हरपलेली नाही’ एवढ्या शब्दांनी ऐकणाऱ्याच्या मनातला मेंदुज्वराचा संशय पुष्कळ कमी होतो. मात्र सगळेच ‘नाही’ वाचून दाखवले, तर कामाचे त्यात बुडते. निवड कशी केली यावरूनच मांडणाऱ्याने किती विचार केला ते कळते.

अठराव्या शतकात नेदरलँड्समधील लायडन येथे वैद्य हर्मन बूरहावे यांनी अवघ्या बारा खाटांच्या वॉर्डात रुग्णाशेजारी उभे राहून शिकवण्याला प्रतिष्ठा दिली. 1900 मध्ये हार्वर्डचे विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी कायद्याच्या वर्गांप्रमाणे वैद्यकातही प्रत्यक्ष प्रकरणांवर चर्चा व्हावी, असे सुचवले. पुढे बोस्टनमध्ये डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी त्याला शिस्तबद्ध रूप दिले : आधी केस मांडायची, तज्ज्ञाने सर्वांसमोर निदान करायचे आणि मग विकृतिशास्त्रज्ञाने (पॅथॉलॉजिस्टने) खरे उत्तर सांगायचे. मोठ्या डॉक्टरांनी चारचौघांत चुकण्याची तयारी ठेवणे, ही या परंपरेची फार मोलाची देणगी आहे. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी 1968 मध्ये नोंदी रुग्णाच्या समस्यांनुसार लावण्याचा आग्रह धरला. रुग्णाचे सांगणे, तपासणीतील निष्कर्ष, अनुमान आणि योजना ही ‘सोप’ (या चारांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे, SOAP) मांडणी त्याच विचारातून आली.

सल्ला हवा असेल तेव्हा प्रश्न नेमका लागतो. ‘या केसबद्दल काय वाटते?’ याला उत्तरही तसेच मोघम मिळते. ‘रक्त पातळ करणारे औषध शस्त्रक्रियेआधी थांबवावे का, आणि कधी?’ असे विचारले, तर ऐकणारा पहिल्या वाक्यापासून त्या दिशेने ऐकतो. म्हणून रात्री फोनवर वरिष्ठांना उठवताना प्रश्न आधी आणि हकिकत नंतर सांगणे चांगले.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात 2003 मध्ये डॉक्टर संजीव अरोरा यांनी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट एको’त दूरच्या दवाखान्यांतील डॉक्टर व्हिडिओवरून हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या केसेस तज्ज्ञांपुढे मांडू लागले. अशा चर्चेत नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक काढावे लागतात. एक्स-रेच्या कोपऱ्यात छापलेले नाव हमखास राहून जाते. दुर्मीळ आजार असेल, तर नाव काढूनही व्यवसाय आणि गाव यांवरून माणूस ओळखू येतो.

सल्ल्यानंतर रुग्णाचे पुढे काय झाले, हे त्याच मंडळींना येऊन सांगणे हाही सादरीकरणाचाच भाग मानला पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेकदा तो राहूनच जातो.